केंद्रातून घरी आल्यानंतरचे वर्ष

व्यसनमुक्ती केंद्रातून मुलगा घरी येतो, तो दिवस घरासाठी ईदपेक्षा कमी नसतो. अम्मी सकाळपासून स्वयंपाकघरात असते. अब्बा बोलत काही नाहीत, पण दाढी करून, इस्त्रीचा कुर्ता घालून बसतात. मुलाचा चेहरा भरलेला, डोळे स्वच्छ. तो सगळ्यांसमोर सांगतो, "आता पुन्हा कधीच नाही." कुणी दुआ करते, कुणी रडते. शेजाऱ्यांना मात्र "कामासाठी बाहेरगावी गेला होता" असेच सांगितलेले असते.

दीड-दोन महिने बरे जातात आणि एका रात्री तो उशिरा येतो. दार उघडताच अम्मीला वास येतो. त्यानंतर घरात जी तीन वाक्ये बोलली जातात, ती नागपुरात मोमीनपुऱ्यात ऐका, टेक्यावर ऐका की हसनबागेत, सारखीच असतात. "एवढा पैसा पाण्यात गेला." "कसम खाल्ली होती, तीही मोडली." "याला आपल्यापेक्षा नशाच प्यारी आहे."

राग येणे साहजिक आहे. ज्या घराने दागिने मोडून उपचार केले, त्या घराला रागावण्याचा हक्क आहे. पण पहिले वाक्य अर्धेच खरे आहे आणि तिसरे बहुतेक वेळा चुकीचे. शरीरातून नशा उतरते तेव्हा मेंदू बरा झालेला नसतो. त्याला आणखी कित्येक महिने लागतात, आणि ते महिने केंद्रात नव्हे, आपल्या घरात जातात. हे घराला आधीच कळले, तर घसरण टाळता येण्याची शक्यता वाढते. घसरण झालीच तर माणूस हातातून जात नाही.

शांत बसता न येणारा मेंदू

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दारूचे व्यसन असलेले आणि उपचार घेत असलेले 45 जण त्यांनी निवडले. सगळ्यांची दारू सुटून चार ते आठ आठवडे झाले होते, म्हणजे आपल्याकडे केंद्रातून नुकताच घरी आलेला माणूस असतो तसे. मेंदूचा कोणता भाग केव्हा काम करतो हे दाखवणाऱ्या एमआरआय यंत्रात त्यांना झोपवले आणि तीन प्रकारच्या गोष्टी मनात आणायला सांगितल्या: स्वतःच्या आयुष्यातला तणावाचा प्रसंग, दारूशी जोडलेला प्रसंग आणि एखादा निवांत प्रसंग. नंतर 90 दिवस त्यांच्यावर लक्ष ठेवले.

अनेकांना वाटेल की फरक दारूच्या आठवणीत दिसला असेल. पण सर्वांत बोलका फरक निवांत प्रसंगात दिसला. आपल्या कपाळामागे मेंदूचा एक भाग भावनांना लगाम घालतो. निरोगी माणूस निवांत असतो तेव्हा हा भागही शांत असतो आणि तणाव आला की कामाला लागतो. या रुग्णांमध्ये उलटे झाले होते. निवांत क्षणी तो भाग धडपडत होता आणि खऱ्या तणावाच्या वेळी, जेव्हा त्याची गरज होती, तेव्हा थंड पडत होता. ज्यांच्यात हा बिघाड जास्त होता, त्यांना पुन्हा दारूकडे वळण्याचा धोका आठपटीपर्यंत अधिक होता.

हे आपल्या घराच्या भाषेत असे सांगता येईल. गाडी उभी असतानाही इंजिन जोरात फिरत राहते आणि चढ आला की बंद पडते. बाहेरून माणूस ठीक दिसतो. जेवतो, कामावर जातो, मुलांशी खेळतो. पण दुपारी रिकामा बसला की आत काहीतरी पळत असते. त्यालाही ते नीट सांगता येत नाही. "नुसतेच बेचैन वाटते," एवढेच तो म्हणतो. घरचे म्हणतात, "आता कसली बेचैनी? सगळे तर चांगले चालले आहे." याच बेचैनीला येलच्या यंत्राने चित्रात पकडले.

पानठेल्याची आठवण कुठे राहते

नशेचे पदार्थ मेंदूतील डोपामिन या रसायनाची लाट आणतात. भूक लागल्यावर जेवण मिळाले, मुलाने मिठी मारली, की डोपामिन थोडे वाढते आणि मेंदू नोंद करतो: हे चांगले होते, पुन्हा कर. दारू, ब्राऊन शुगर किंवा एमडी हीच नोंद फार मोठ्या अक्षरांत करतात. शिवाय मेंदू एकट्या पदार्थाची नोंद करत नाही. ती जागा, ती वेळ, ते मित्र, खिशात आलेला पगार, असे सगळेच त्या नोंदीत बांधले जाते.

अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे अफूच्या व्यसनाचे मोठे सरकारी रुग्णालय होते. तेथील डॉक्टर अब्राहम विकलर यांनी गेल्या शतकाच्या मध्यात पाहिले की ज्यांची नशा कधीच सुटली आहे, असे रुग्णही गटात बसून नशेच्या गोष्टी निघाल्या की जांभया देऊ लागत, नाक ओढू लागत. नशा तुटल्यावर पहिल्या दिवसांत होणारा त्रास केवळ आठवणीने परत येत होता. पुढे 2008 मध्ये पेनसिल्वेनियातील ॲना रोझ चाइल्ड्रेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोकेनच्या रुग्णांना नशेशी संबंधित चित्रे सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका वेळ दाखवली. चित्र दिसले हेही रुग्णांना कळले नाही, पण मेंदूतील ओढीचे भाग जागे झाले.

म्हणून "मी तर तिकडे पाहिलेसुद्धा नाही, तरी तलफ आली," असे मुलगा म्हणाला तर तो खोटे बोलत असेलच असे नाही.

नागपूरच्या घरांनी यात एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी, ती म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून दिला जाणारा खर्रा विदर्भात इतका रुळला आहे की त्याला कुणी नशा मानतच नाही. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, तरी खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. घरचे म्हणतात, "दारू सोडली, एमडी सोडली, आता खर्रा तरी खाऊ द्या." तंबाखू आणि सुपारीने तोंडाचा कर्करोग होतो, हे एक. दुसरे असे की खर्रा मिळतो पानठेल्यावर, आणि जुने दोस्त उभे असतात तेही तिथेच. दिवसातून चार वेळा खर्र्यासाठी गेलेला पाय चार वेळा त्याच जागेवर उभा राहतो, जिथे मेंदूने मोठ्या अक्षरांत नोंद केली आहे. खर्रा सोडणे अवघड आहे, त्यासाठीही डॉक्टरांची मदत मिळते. पण "एवढे चालते" म्हणून त्याला सूट देणे महाग पडू शकते.

व्हिएतनाममधून परतलेले सैनिक

जागा बदलली तर काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांमध्ये हेरॉइन खूप पसरले होते. 1971 मध्ये सरकारला काळजी पडली की हे हजारो तरुण व्यसन घेऊन घरी येणार. ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला. तिकडे व्यसनी झालेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले साधारण 5 टक्केच निघाले. व्यसन लागले ती छावणी, ते सोबती, ती भीती, सगळे समुद्रापलीकडे राहिले होते.

आपल्या मुलाचे नेमके उलट असते. तो केंद्रात असतो तेव्हा समुद्रापलीकडे असतो. घरी येतो म्हणजे छावणीत परत येतो. केंद्रात तीस-चाळीस दिवस तलफ आली नाही, याचा अर्थ ती मेली असा नाही. तिला जागवणारे तिथे काही नव्हते. उंदरांवरच्या प्रयोगांत तर 2001 मध्ये असे दिसले की कोकेन बंद केल्यावर त्याची खूण दिसताच उठणारी ओढ पहिल्या दिवसापेक्षा दोन महिन्यांनी अधिक तीव्र होती. "आता दोन महिने झाले, धोका टळला," असे म्हणण्याची घाई यासाठीच करू नये.

रमजान आणि चाँदरात

आपल्या घरांत एक प्रश्न दरवर्षी निघतो. रमजानमध्ये हाच माणूस पहाटेपासून मगरिबपर्यंत कशालाही हात लावत नाही. मग बाकीचे अकरा महिने का जमत नाही? "मनात आणले तर जमते, म्हणजे मनातच नाही," असा निष्कर्ष आपण काढतो.

रोजा माणसाला बळ देतो, यात शंका नाही. पण वर सांगितलेल्या गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून पाहा. रमजानमध्ये दिवसाचे वेळापत्रकच बदलते. सहरीला घर एकत्र उठते, इफ्तारला एकत्र बसते. संध्याकाळची जी वेळ पूर्वी पानठेल्यावर जायची, ती दस्तरखानावर आणि नंतर तरावीहमध्ये जाते. रिकामा, एकटा वेळ उरत नाही. कुणी "चल, थोडी घे" म्हणत नाही. महिनाभर आपण नकळत त्याच्यासाठी जागा बदललेली असते.

मग चाँदरात येते. बाजार रात्रभर उघडा, खिशात पैसे, जुने मित्र गळाभेटीला. एका रात्रीत सगळा आधार निघून जातो. ईदच्या आसपास घसरलेला माणूस ढोंगी होता, असे समजू नये. त्याला सावरणारी चौकट अचानक काढली गेली. रमजानमधले जे ठेवता येईल ते ठेवा: एकत्र जेवण, संध्याकाळची ठरलेली सोबत, झोपेची वेळ. चाँदरातीला त्याच्यासोबत घरातले कुणी असू द्या, पहारेकरी म्हणून नव्हे, सोबती म्हणून.

मेंदू भरून येतो, पण सावकाश

ही सगळी माहिती वाचून निराश होऊ नये. 2001 मध्येच नोरा वोल्को यांच्या गटाने मेथॲम्फेटामिन या नशेतून बाहेर पडलेल्या पाच जणांचे मेंदू दोनदा पाहिले. पहिल्या महिन्यांत डोपामिनच्या कामातला एक महत्त्वाचा घटक घटलेला होता. 12 ते 17 महिने दूर राहिल्यानंतर तो बऱ्याच अंशी परतला होता. मात्र स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी सुधारणा अजून नव्हती. जखम भरते, पण तिला वर्ष-दीड वर्ष द्यावे लागते.

मग यंत्रात बघून आधीच सांगता येईल का, की कोण घसरणार? कॅलिफोर्नियातील मार्टिन पॉलस यांच्या गटाने 2005 मध्ये हे करून पाहिले. मेथॲम्फेटामिनचे 40 रुग्ण उपचारानंतर सुमारे वर्षभर नजरेखाली होते. 18 घसरले, 22 टिकले. निर्णय घेताना त्यांचा मेंदू कसा चालला यावरून 18 पैकी 17 आणि 22 पैकी 20 जणांचे भाकीत बरोबर आले. आकडे चकित करणारे आहेत, पण हे सगळे अभ्यास थोड्या लोकांवरचे आहेत. रोजच्या उपचारात असा तपास वापरला जात नाही. कुणी "मेंदू स्कॅन करून व्यसन जाईल की नाही सांगतो" म्हणून पैसे मागितले, तर देऊ नका.

घराला स्कॅनची गरजही नाही. झोप उडणे, विनाकारण चिडचिड, फोन घेऊन बाहेर जाणे, "मला आता औषधाची गरज नाही" असे म्हणणे, या खुणा घरालाच आधी दिसतात. त्या दिसल्या की जाब विचारण्याआधी डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची वेळ घ्यावी.

मुक्तांगणने काय केले

महाराष्ट्राला या बाबतीत पुण्याच्या मुक्तांगणचा अनुभव आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. देशपांडे यांनी मदत दिली आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. तिथे रुग्णाला नशेतून काढणे हा कामाचा पहिला भाग. घरी गेल्यावरचा पाठपुरावा तितकाच महत्त्वाचा मानला जातो. व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण त्या बाईच्या मनावरही तेवढेच घाव असतात. आपल्या घरांत सून सगळे सोसते आणि सासर-माहेर दोन्हीकडे गप्प राहते. तिलाही बोलायला जागा हवी.

घराने काय करावे, काय टाळावे

दारू रोज पिणाऱ्याला घरीच कोंडून एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हावे.

"रुग्णाला न कळू देता दारू सोडवा" अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. भाजीत, चहात मिसळलेली अशी पावडर देऊ नका. डायसल्फिराम हे औषध घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो. हे औषध उपयोगी आहे, पण त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी इतर औषधेही आहेत. ती सुरू असतील तर "आता बरा झाला" म्हणून बंद करू नका.

केंद्रातून आलेल्याच्या शरीराची नशा पचवण्याची जुनी ताकद उरलेली नसते. ब्राऊन शुगरसारख्या नशेत पूर्वीचेच प्रमाण घेतले तर श्वास थांबू शकतो. अशी शंका आली तर बदनामीचा विचार न करता ताबडतोब दवाखाना गाठा.

पहिले काही महिने पगार घरातल्या विश्वासाच्या माणसाकडे ठेवावा, पण त्याच्याशी बोलून ठरवून. जुना रस्ता, जुना फोन नंबर बदलता आला तर बदलावा. भर मेहफिलीत टोमणा मारू नये. तणावाच्या वेळी लगाम सुटणाऱ्या मेंदूला रोजचा टोमणा हा रोजचा चढ असतो. लग्न लावून दिले की सुधारेल, हा विचार तर मनातून काढून टाकावा. कुणाच्या मुलीचे आयुष्य औषध म्हणून वापरता येत नाही.

मारहाण होत असेल, मुले धोक्यात असतील, तर सोसत राहणे म्हणजे सबर नव्हे. आजार समजून घेणे वेगळे आणि जुलूम सहन करणे वेगळे.

घसरण झालीच, तर? 2000 साली टॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी मांडले की व्यसनाच्या उपचारानंतर वर्षभरात 40 ते 60 टक्के लोक पुन्हा घसरतात, आणि रक्तदाब व दम्याच्या रुग्णांतही आजार उलटण्याचे प्रमाण याहून कमी नसते. अब्बांची बीपी वाढली तर आपण त्यांना "तुम्ही घराला फसवले" म्हणत नाही, डॉक्टरांकडे नेतो. मुलगाही दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जावा. एका रात्रीची चूक आठवड्याची झाली नाही, तर मागचे सगळे कष्ट वाया जात नाहीत.

नागपुरात मानकापूर भागातील प्रादेशिक मनोरुग्णालय 1864 पासून आहे. त्याच्या नावाला लोक बिचकतात, तसे बिचकण्याचे कारण नाही. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांतही मानसोपचार विभाग आहेत. फोनवर सल्ल्यासाठी 14446 ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या कोणत्याही त्रासासाठी 14416 हा टेलि-मानसचा नंबर. दोन्ही मोफत आहेत.

तौबा आणि उपचार यांत भांडण नाही. तौबा माणसाची दिशा बदलते. त्या दिशेने चालायला लागणारी ताकद मेंदूत परत यायला वेळ लागतो, आणि तो वेळ घराने द्यायचा असतो. तेव्हा त्या रात्री दार उघडल्यावर वास आला, तर दार लावून घेऊ नका. त्याला झोपू द्या. सकाळी चहा द्या आणि एवढेच म्हणा, "चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ. मी येते सोबत."